हात लावू देणारी पुस्तके

आमच्या लहानपणी शाळेत शास्त्राचे एक कपाट होते. काचेच्या दारांचे, उंच, गुरुजींच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभे असलेले. आत एक होकायंत्र, दोन भिंगे, पितळी गोळ्याचा एक लोलक, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि या सगळ्यांवर धुळीचा एक पातळ, समंजस थर. कपाटाला कुलूप असे आणि कुलपाशेजारी एक चिठ्ठी : ‘हात लावू नये’. तपासणी असेल त्या दिवशी कुलूप निघे, धूळ पुसली जाई, आणि साहेबांची पाठ वळताच पुन्हा कुलूप लागे. त्या लोलकाचा पितळी गोळा हातात घेतला तर थंड लागतो की नाही, एवढेही मला शाळा सोडेपर्यंत कळले नाही.

मॅट्रिकनंतर माझी आणि शास्त्राची वाट वेगळी झाली. मी मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा शास्त्राविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारले तर मी मान खाली घालीन. परंतु आज मी ज्या कृतींविषयी लिहिणार आहे, त्या शास्त्रज्ञांनी केल्या असल्या तरी शास्त्रज्ञांसाठी केलेल्या नाहीत. त्या तुमच्याआमच्यासाठी केलेल्या आहेत. त्यांना कर्ता आहे, रचना आहे, सुरुवात आहे, रंगत जाणे आहे, आणि क्वचित शेवटी चटका लावणेही आहे. असे असून त्यांची समीक्षा कोणी करीत नाही. शिक्षणखाते त्यांना साधने म्हणते, मुले खेळ म्हणतात, आणि आम्ही साहित्यिक मंडळी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही उणीव दिवाळीच्या निमित्ताने थोडीशी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मी बोलते आहे ते महाजालावर ठेवलेल्या, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये आपोआप उघडणाऱ्या छोट्याछोट्या शास्त्रीय प्रोग्रामांविषयी. त्यांसाठी काही विकत घ्यावे लागत नाही, यंत्रात काही बसवावे लागत नाही. पडद्यावर एक चित्र येते आणि चित्राशेजारी दोनचार सरकपट्ट्या. पट्टी सरकवली की आतला आकडा बदलतो, आकडा बदलला की चित्राचे वागणे बदलते. वाचकाने हात लावल्याशिवाय यांचे पान उलटत नाही, म्हणून मी त्यांना हात लावू देणारी पुस्तके म्हणते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. हल्ली वर्गातल्या भिंतीवर मोठा पडदा लावून त्यावर रंगीत चलच्चित्रे दाखवतात. पृथ्वी फिरते, हृदय धडधडते, मागे गोड आवाजात निवेदन चालू असते. मुले पाहतात, जांभया देतात, घंटा होते. तेही शास्त्रच, पण ते कपाटातलेच शास्त्र. काच तेवढी अधिक चकचकीत झाली. माझ्या विषयातले प्रोग्राम वेगळे आहेत. त्यांत पुढे काय होणार हे आधी चितारून ठेवलेले नसते. नियम दिलेला असतो. घटना तुमच्यासमोर, तुमच्या कृतीने घडते.

हा फरक मला कादंबरीलेखनामुळे चटकन समजला. वाईट कादंबरीत लेखकाला शेवट हवा असतो म्हणून नायिका जिना घसरून पडते. चांगल्या कादंबरीत लेखक पात्रांना स्वभाव देतो, त्यांना एका घरात आणून सोडतो आणि मग त्यांच्या वागण्याला आडवे जात नाही. या प्रोग्रामांत नियम म्हणजे स्वभाव. तो एकदा दिला की कर्त्याने मध्ये बोलायचे नाही. त्यामुळे मी त्यांना तीन प्रश्न विचारते. वाचकाच्या हाताने खरोखर काही बदलते का? जे आश्चर्य घडते ते नियमातून उगवते की वरून चिकटवलेले असते? आणि कर्त्याने जे बाहेर ठेवले, त्याची कबुली तो देतो का? या कसोट्यांवर मी तीन कृती घासून पाहणार आहे.

पहिली कृती लोलकाची. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर गावी, कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 साली ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. आदल्याच वर्षी, 2001 मध्ये, त्यांना दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढ्या उंचीवर पोचलेला माणूस शाळकरी पोरांसाठी झोके आणि विजेचे दिवे बनवायला बसला, ही गोष्ट मला त्या पारितोषिकाइतकीच मोठी वाटते. फेटचे प्रोग्राम फुकट आहेत, अनेक भाषांत आहेत, त्यांत मराठीही आहे. एकदा उतरवून घेतले की ते महाजालाशिवायही चालतात, आणि ज्या शाळेत ‘रेंज’ शोधायला पिंपळाच्या पारापर्यंत जावे लागते, त्या शाळेला याचे मोल विचारा.

फेटच्या लोलकाच्या प्रयोगशाळेत दोरीची लांबी, गोळ्याचे वजन आणि गुरुत्वाकर्षण या तिन्हींना हात लावता येतो. मी हा प्रोग्राम प्रथम माझ्या मुलांबरोबर, म्हणजे वर्गातल्या मुलांबरोबर, उघडला. शास्त्राचे शिक्षक रजेवर होते आणि माझ्या वाट्याला तास आला होता. मी मुलांना विचारले, गोळा जड केला तर झोका लवकर संपेल की उशिरा? सर्वांनी एकमुखाने सांगितले, “लवकर, बाई!” वजन वाढवले. झोक्याला तेवढाच वेळ. पुन्हा वाढवले. तेवढाच वेळ. वर्गात जी शांतता पसरली ती मला माझ्या एकाही कवितेच्या तासाला लाभली नव्हती. मग लांबी धरली. एक मीटर दोरीचा झोका पुरा व्हायला सुमारे 2 सेकंद लागतात. दोरी पाव मीटर केली, म्हणजे चौथा हिस्सा केली, की वेळ चौथा हिस्सा होत नाही. निम्मा, म्हणजे 1 सेकंद होतो. चंद्रावर गेलो तर त्याच एक मीटर दोरीला जवळजवळ 5 सेकंद लागतात. झोका जणू विचारात पडल्यासारखा हलतो.

येथवर चांगल्या पाठ्यपुस्तकाचे काम झाले. पण ही कृती पाठ्यपुस्तकाच्या पुढे दोन ठिकाणी जाते. आम्हांला शिकवलेले होते की झोका लहान असो की मोठा, वेळ तोच. एका मुलाने गोळा ओढून थेट 90 अंशांपर्यंत वर नेला आणि सोडला. वेळ वाढला, सुमारे 18 टक्क्यांनी वाढला. पाठ्यपुस्तकातले वाक्य केवळ लहान झोक्यांपुरते खरे होते आणि ती ‘केवळ’ कोणी मोठ्याने वाचली नव्हती. प्रोग्रामने ती न बोलता वाचून दाखवली. दुसरे ठिकाण म्हणजे ग्रहांची यादी. चंद्र, पृथ्वी, गुरू आणि त्यांच्या खाली ‘एक्स’ नावाचा एक अनामिक ग्रह. तेथले गुरुत्वाकर्षण सांगितलेले नाही. झोका मोजा आणि तुम्हीच शोधा! रहस्यकथा लिहिणाऱ्या आमच्या बंधूंनी येथे टोपी काढावी. पुरावा सगळा वाचकासमोर आहे, आणि उलगडा करायला शेवटच्या प्रकरणात कोणी गुप्तहेर येत नाही.

दोष नाहीत असे नाही. फेटच्या विजेच्या जुळणीत तारा वेड्यावाकड्या जोडल्या तर बॅटरीला ज्वाळा लागतात. मुले खूश होतात. पण तारेत अडकवून पाहायच्या वस्तूंत नाणे, पेन्सिल, खोडरबर यांच्या पंक्तीला डॉलरची नोट येऊन बसली आहे. मराठी शब्द बसवले म्हणून वस्तू मराठी होत नाही. भाषांतर करणाऱ्याच्या हाती शब्दच दिलेले असतात, चित्रे नसतात. ही गोष्ट लहान. परंतु वाटून घेणे कोठे थांबते, याची ती खूण आहे. आणि एक मोठी उणीव त्याच तासाला एका मुलीने दाखवली. ती म्हणाली, “बाई, दोरी तुटली तर?” या लोलकाची दोरी तुटत नाही, ताणली जात नाही, तिला वजनही नाही. मी निरुत्तर झाले. शेवटी आम्ही सुतळीला दगड बांधून शाळेमागच्या कडुनिंबाच्या फांदीला टांगला. तिसऱ्या झोक्याला गाठ सुटली. मुले हसली, पण दोन्हीही लोलक त्यांना त्या दिवशी कळले.

दुसरी कृती ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांचा ‘जीवनाचा खेळ’. 1970 च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात तो जगापुढे ठेवला. चौकटींचा कागद घ्या. प्रत्येक घराला आठ शेजारी. घर जिवंत असेल आणि त्याचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते पुढच्या पिढीत जगते. कमी असतील तर एकलेपणाने मरते, जास्त असतील तर गर्दीने. मेलेल्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी लाभले तर ते जन्म घेते. संपला नियम. आमच्या चाळीतही यापेक्षा अधिक नियम होते!

आणि एवढ्या भांडवलावर काय उभे राहते ते पाहावे. पाच घरांची एक आकृती आहे. ती दर चार पिढ्यांनी तिरपी एक घर पुढे सरकते. चालत नाही कोणीच. घरे नुसती जन्मतात आणि मरतात, पण आपल्याला मात्र एक किडा चाललेला दिसतो. दुसरी एक पाच घरांचीच आकृती तब्बल 1103 पिढ्या धुमाकूळ घालून मग स्थिरावते. कोणतीही आकृती अमर्याद वाढत राहील काय, या प्रश्नाला कॉनवे यांनी 50 डॉलरचे बक्षीस लावले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत बिल गॉस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या नोव्हेंबरातच दर 30 पिढ्यांनी एक नवा किडा सोडणारी ‘तोफ’ शोधली आणि बक्षीस नेले.

आमच्याकडे एके काळी कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद हिरिरीने झाला. जीवनाचा खेळ हे नाव घेऊनही ही कृती शुद्ध कलेसाठी कला आहे. तिच्यात बोध नाही, तात्पर्य नाही, सृष्टीतल्या कोणत्याही एका वस्तूचे ते चित्र नाही. तरी मी तिला पहिल्या प्रतीची कृती मानते, कारण तिच्यातले सगळे आश्चर्य नियमातून उगवते. कर्त्यालाही ते आधी ठाऊक नव्हते. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडच्या साथीत कॉनवे गेले. त्यांच्या खेळाच्या आज महाजालावर किती आवृत्त्या असतील याची मोजदाद नाही. प्रत्येकाने तो आपल्या हाताने नव्याने लिहिला आहे. जात्यावरच्या ओवीसारखे त्याचे झाले. चाल सगळ्यांची, गळा ज्याचा त्याचा.

तिसरी कृती जीवनासाठी कला या पक्षाची. आणि तिच्याशी माझे भांडण आहे. 2014 साली व्हाय हार्ट आणि निकी केस या दोघांनी ‘बहुभुजांची बोधकथा’ प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1971 मध्ये मांडलेला एक नमुना आहे. शेलिंग यांना 2005 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कथेत त्रिकोण आणि चौकोन एका गावात मिसळून राहतात. कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाची अपेक्षा एवढीच, की शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत. नसतील तर तो बिऱ्हाड हलवतो. वाचकाने आपल्या बोटाने ही बिऱ्हाडे हलवायची. हलवता हलवता गाव दुभंगते. एकीकडे सगळे त्रिकोण, एकीकडे सगळे चौकोन. हे गाव आपणच दुभंगले, आणि तेही प्रत्येकाला सुखी करण्याच्या नादात, हे जेव्हा लक्षात येते तेव्हा चटका बसतो. एकाही निबंधाने मला हा अनुभव दिला नव्हता. पुढे तर अधिकच आहे. एकदा गाव दुभंगले की मग सर्वांचा दुराग्रह शून्यावर आणला तरी ते पुन्हा मिसळत नाही. जो तो आहे तेथेच राहतो. मिसळायचे असेल तर प्रत्येकाने थोडासा वेगळा शेजार मागावा लागतो. दुराग्रह सोडणे पुरेसे नाही, हे केवढे वाक्य आहे! आणि ते वाक्यरूपाने येण्याआधी बोटांना कळते.

मग माझे भांडण कशाशी? या गावात कोणीही कोठेही राहायला जाऊ शकतो. जागा रिकामी असली म्हणजे झाले. ज्यांनी शहरात भाड्याने खोली शोधताना आडनावापाशी संभाषण थांबलेले अनुभवले आहे, त्यांनी या गावाकडे कसे पाहावे? आमच्या गावांत गावकुसाबाहेरची वस्ती कोणा त्रिकोणाच्या आवडीनिवडीतून झाली नव्हती. ती लादलेली होती. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला गेले, तेव्हा त्यांच्या आड सरकपट्टी नव्हती, समाजाची आज्ञा होती. कोणीच दुष्ट नसताना गाव दुभंगू शकते, हे बोधकथा सिद्ध करते. पण प्रत्येक दुभंगलेले गाव तसेच दुभंगले, असे ऐकणाऱ्याला वाटू लागले तर ती बोधकथा अपराध्याला निर्दोष सोडते. सरकपट्टीने वाचकाला स्वातंत्र्य मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात काय सरकवायचे आणि काय नाही, हे कर्त्याने आधीच ठरवलेले असते. छापील लेखाशी आपण मनात वाद घालतो. येथे आपलाच हात गुंतलेला असतो, म्हणून वाद सुचायला वेळ लागतो. या प्रकारातला धोका मला हाच दिसतो.

त्यावर उपाय मात्र या कर्त्यांनीच ठेवला आहे, आणि त्यासाठी त्यांचे मनःपूर्वक कौतुक केले पाहिजे. त्यांनी आपल्या कृतीवरचा हक्क सोडून दिला आहे. तिचे अंतरंग, म्हणजे ज्या ओळींनी ती चालते त्या ओळी, कोणीही पाहाव्या, बदलाव्या, नवी कृती करावी. म्हणजे उद्या आमच्याच एखाद्या विद्यार्थिनीने त्या गावात कूस घातले, काही घरांना ‘येथे प्रवेश नाही’ असा नियम दिला आणि मग गाव कसे दुभंगते ते दाखवले, तर तिला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. मूळ बोधकथेला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. कादंबरीला आम्ही परीक्षणाने उत्तर देतो. येथे कृतीला कृतीनेच उत्तर देता येते.

वाटून घेण्याच्या अशा तीन पायऱ्या झाल्या. कृती पाहू देणे ही पहिली, पट्टी सरकवू देणे ही दुसरी आणि नियम उघडून बदलू देणे ही तिसरी. पुष्कळ प्रोग्राम दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि त्यालाच औदार्य समजतात.

तिसऱ्या पायरीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. ही पुस्तके मरतात. कागदाला वाळवी लागते, पण निदान दोनचार पाने उरतात. प्रोग्राम एका दिवसात मरू शकतो. एके काळी असे शेकडो प्रोग्राम ‘फ्लॅश’ नावाच्या साधनावर चालत. 31 डिसेंबर 2020 रोजी त्या साधनाचा आधार काढून घेण्यात आला आणि ब्राउझरांनी ते उघडणे बंद केले. कोणा शिक्षकांनी रात्री जागून केलेली ग्रहणे, तराजू, बेडकांची अंतरंगे एका पिढीच्या आत मुकी झाली. फेटकडे माणसे होती, पैसा होता. त्यांनी आपले कित्येक प्रोग्राम नव्या साधनांत पुन्हा लिहून काढले. ज्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते त्यांचे काय? कॉनवे यांचा खेळ मात्र तरला. तो आरंभी सोंगट्या मांडून खेळला गेला, मग खोलीएवढ्या यंत्रांवर गेला, आता खिशातल्या मोबाईलमध्ये आला. यंत्रे बदलली, खेळाला ओरखडाही उमटला नाही. कारण त्याचा नियम एका परिच्छेदात सांगता येतो आणि ऐकणाऱ्याला तो पुन्हा उभारता येतो. वर मी तो तुम्हांला सांगितलाच आहे. म्हणजे हा दिवाळी अंकही, पाहा, त्या प्रोग्रामची एक प्रत झाला!

माझ्या मते या साहित्यप्रकाराची खरी कसोटी येथे आहे. ज्या कृतीचा नियम साध्या भाषेत सांगता येतो, जी आपण काय गाळले ते लपवीत नाही, आणि जिचे अंतरंग वाचकाला उघडता येते, ती टिकेल. किंवा मेली तरी पुन्हा जन्मेल. बाकीच्या नवी चकचकीत काच लावलेल्या जुन्या कपाटासारख्या आहेत.

फराळ झाला, फटाके संपले, की घरातली मुले मोबाईलसाठी हट्ट धरतील. तो द्यायचाच असेल तर एकदा त्यावर लोलक उघडून द्यावा. ‘एक्स’ ग्रहाचे गुरुत्वाकर्षण घरातले कोण आधी शोधतो, याची आजोबांसकट सर्वांनी पैज लावावी. आणि मग एक सुतळी, एक दगड घेऊन अंगणात, अंगण नसेल तर गच्चीवर जावे, आणि तोही झोका मोजावा. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नये. का जुळले नाहीत, हे विचारणाऱ्या पोराला मात्र गप्प करू नये.

त्या मुलीचा प्रश्न अजून माझ्याकडे शिल्लक आहे. दोरी तुटली तर? परवा ती पुन्हा आली होती. कोणा मोठ्या भावाच्या मदतीने लोलकाच्या ओळी तिला स्वतः लिहून पाहायच्या आहेत, आणि तिच्या लोलकाची दोरी तुटणार आहे. केव्हा तुटावी, याचा नियम ती माझ्याकडे मागत होती. मला तो ठाऊक नाही. आम्ही दोघींनी मिळून शास्त्राच्या शिक्षकांकडे कपाटाची किल्ली मागितली आहे.